धीर आणि सोशिकपणा : दोन मराठी ख्रिस्ती चरित्रे

मराठीतील ‘धीर’ हा शब्द अनुवादकास पुष्कळ छळतो. संकटात सापडलेल्याला आपण धीर देतो, उतावळ्याला धीर धरावयास सांगतो, रणात पाय मागे घेणाऱ्याने धीर सोडला असे म्हणतो, आणि परगावी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईला धीर निघत नाही असेही म्हणतो. सांत्वन, प्रतीक्षा, शौर्य आणि उत्कंठा आवरण्याची शक्ती, एवढे सगळे हा दोन अक्षरांचा शब्द सहज पेलतो. उलट, इंग्रजीतील धार्मिक वाङ्मय मराठीत आणताना ‘पेशन्स’ हा शब्द आला की लेखणी आपोआप ‘सहनशीलता’कडे वळते. मीही तसे अनेकदा केले आहे, आणि छापून आल्यावर पुन्हा वाचताना काहीतरी निसटले आहे अशी रुखरुख मनास लागली आहे. ख्रिस्ती धर्मजीवनात ज्या गुणाचे एवढे माहात्म्य सांगितले आहे तो गुण सहन करण्याचा नसून धीराचा आहे, असे माझे मत हळूहळू बनत गेले. प्रश्न नुसत्या प्रतिशब्दाचा असता तर त्यावर एखादे टिपण पुरले असते. परंतु या दोन शब्दांमधील अंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन मराठी स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्यात मोजून पाहिले आहे, आणि म्हणून तो इतिहासाचाही विषय होतो.

प्रथम मूळ शब्दांकडे पाहू. नव्या करारातील ग्रीक भाषेत या गुणासाठी मुख्यत्वे दोन शब्द येतात. एक ‘हुपोमोने’. ‘खाली’ आणि ‘टिकून राहणे’ अशा दोन अवयवांचा तो बनलेला आहे. अंगावर भार पडला असतानाही जागा न सोडणे, हा त्याचा भाव. दुसरा ‘माक्रोथुमिया’, राग येण्यास लागणारा लांब वेळ, असे त्याचे ओबडधोबड वर्णन करता येईल. पहिला परिस्थितीसंबंधी, दुसरा बहुधा माणसांसंबंधी. आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दुसरा देवाच्या ठायीही मानलेला आहे. मनुष्याच्या अपराधांवर देव लगेच कोपत नाही, तो थांबतो. हे शब्द लॅटिनमध्ये गेले तेव्हा त्यांच्या वाट्यास ‘पातिएन्तिया’ हा शब्द आला. तो ‘सोसणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून निघालेला. रुग्णास इंग्रजीत जो शब्द आहे तो याच कुळातला. म्हणजे टिकून राहणाऱ्या माणसाचे चित्र जाऊन तेथे खाटेवर पडलेल्या माणसाचे चित्र आले. सगळा दोष व्युत्पत्तीच्या माथी मारणे बरोबर नव्हे हे मी जाणतो. शब्द आपल्या कुळाला विसरूनही सुखाने नांदतात. तथापि पुढील काळातील प्रवचनवाङ्मयात सोसण्याचा अंश वाढत गेला आणि ठाम राहण्याचा अंश झाकला गेला, हे नाकारता यावयाचे नाही.

आरंभीच्या लॅटिन ग्रंथकारांना याची जाणीव नसावी असे नाही. इसवी सन २०० च्या आसपास कार्थेज येथील तेर्तुल्यान याने या गुणावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि आरंभीच कबूल करून टाकले की आपल्या अंगी हा गुण मुळीच नाही. आजारी माणसाने आरोग्याची थोरवी गावी तसे आपले लिहिणे आहे. तेर्तुल्यानचा तापट स्वभाव ज्यांस ठाऊक आहे त्यांना या कबुलीत विनयापेक्षा सत्यच अधिक दिसेल. त्याच नगरीचा बिशप सिप्रियान याने २५६ मध्ये याच विषयावर लिहिले ते चर्चमधील एका कडाक्याच्या वादाच्या ऐन भरात. पुढे ऑगस्टिनने हा गुण मनुष्याच्या कर्तबगारीचा नसून देवाची देणगी आहे असा सिद्धान्त मांडला. शांत माणसांनी शांततेच्या काळात या विषयावर लिहिल्याची उदाहरणे थोडी सापडतात.

आणि ईयोब? सहनशीलतेचा पुतळा म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते नव्या करारातील याकोबाच्या पत्रामुळे. तेथे शब्द आहे ‘हुपोमोने’. पण जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक ज्याने सबंध वाचले आहे त्याला हा मनुष्य गप्प बसून सोसणारा होता असे म्हणवणार नाही. पहिले दोन अध्याय सोडले तर तो भांडतो, जन्माला आलो त्या दिवसाला शाप देतो, देवाला न्यायासनापुढे खेचू पाहतो, आणि मित्रांच्या धार्मिक उपदेशाला कवडीची किंमत देत नाही. शेवटी देव ठपका ठेवतो तो या मित्रांवर, ईयोबावर नव्हे. ईयोबाने जागा सोडली नाही, एवढाच त्याचा धीर. लूकच्या शुभवर्तमानात येशूने प्रार्थनेचा नमुना म्हणून जिची गोष्ट सांगितली ती विधवाही अशीच. न्यायाधीश निगरगट्ट, ती रोज येऊन त्याच्या दाराशी उभी राहते, आणि केवळ तिच्या तगाद्याने कंटाळून तो न्याय देतो. देवावर विश्वास टाकून वाट पाहणे म्हणजे काय, हे सांगावयास येशूने निवडली ती काही केल्या गप्प न बसणारी बाई, हे विसरता कामा नये.

ही कल्पना मराठीत आली तेव्हा तिला येथे रिकामे घर मिळाले नव्हते. ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. फादर स्टीफन्स यांनी त्यासाठी ओवी उचलली आणि ओवीबरोबर संतांच्या शब्दकळेचाही एक मोठा वाटा उचलला. भाव, भक्ती, शरण जाणे, हे सारे तयारच होते. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करणाऱ्या एकनाथांची आख्यायिका घराघरांत सांगितली जात होती. पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिलेला विठ्ठल तर साक्षात वाट पाहणारा देव; ग्रीक ‘माक्रोथुमिया’ समजून देण्यास याहून चांगले चित्र कोणत्या भाषेजवळ असेल? अरबी ‘सब्र’ मराठीत येऊन ‘सबुरी’ झाला होता, आणि ज्या अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) पुढे रेव्हरंड टिळकांचे कुटुंब राहिले त्याच जिल्ह्यात शिर्डीचे साईबाबा त्याच दशकांत श्रद्धा आणि सबुरी या दोहोंची जोड सांगत होते. विश्वास आणि धीर एकमेकांवाचून राहत नाहीत, हे सांगावयास परका धर्मोपदेशकच यावा लागला असे नाही.

परंतु या तयार घरात आणखी एक गुण ठाण मांडून बसला होता. त्याचे नाव सोशिकपणा. हा सर्वांसाठी नव्हता. सुनांसाठी होता, विधवांसाठी होता, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्यासाठी होता. ‘पोर मोठी सोशिक आहे’ असे कौतुक झाले की तिच्या वाट्यास आणखी सोसणे येणार हे ठरलेलेच. या गुणामागे कसलेही वचन नाही, कशाचीही प्रतीक्षा नाही. धीराला पुढे काहीतरी दिसत असते. सोशिकपणाला पुढचे काही दिसू नये अशीच व्यवस्था केलेली असते. ख्रिस्ती उपदेशातील सहनशीलता या जुन्या सोशिकपणात मिसळून जाण्याचा धोका मोठा होता. ती मिसळली नाही, निदान दोन ठिकाणी तरी नाही, याचा पुरावा पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. बायकोला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना जातिबांधवांचा रोष पत्करावा लागला. पुढे सारे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत भारतभर हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाची झळ लागली तेव्हा या कुटुंबाने काय केले याची हकिकत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. त्यांनी देवावर भरवसा ठेवला. जवळ होते ते दानधर्मात घातले, अनुष्ठाने केली, उपवास केले, देवळांत बसून पोथ्या वाचल्या. अंगमेहनत करण्याची या ब्राह्मण कुटुंबास सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. पैसा संपला, भांडी संपली, धान्य संपले. तिरुपतीच्या परिसरातील रानात पाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. अखेर वृद्ध, अंध झालेल्या पित्याने पवित्र तीर्थात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण मजुरी करू, जातीचा अभिमान सोडू, पण ही आत्महत्या नको, असे त्याने सांगितले. वडील त्यानंतर लवकरच गेले, मग आई, मग थोरली बहीण. राहिलेली भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती झोपली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी ही हकिकत लिहिली ती अर्थातच मूर्तिपूजेची व्यर्थता दाखविण्यासाठी. त्यांचा तो निष्कर्ष वाचकास मान्य असो वा नसो. अनंतशास्त्र्यांच्या श्रद्धेत एक भव्यता होती असे मला तरी वाटते. पण या प्रसंगाचे महत्त्व दुसरेही आहे. विश्वास ठेवणे म्हणजे हात जोडून बसणे, हा धडा रमाबाईंनी आपली माणसे गमावून एकदा तपासून पाहिला होता. पुढील आयुष्यात त्यांनी विश्वासाविषयी जे जे लिहिले त्याच्या पाठीशी श्रीनिवासाचा तो मजुरीचा निश्चय उभा आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या लिहिण्याचा अर्थ लागत नाही.

भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये तेही पटकीने वारले. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथून त्यांच्या नव्या शिक्षणास आरंभ झाला, आणि नव्या भांडणासही. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. या दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाला आपल्याकडील समीक्षकांनी अजून पुरेसे महत्त्व दिलेले नाही. धर्ममातेची अपेक्षा नम्रतेची, आज्ञापालनाची; आणि कन्येचे म्हणणे असे की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटून आलेली मी, दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या जोखडाखाली मान देणार नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, तर त्यांनी तसे उघड लिहिले. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे, तर हिंदी लोकांसाठी संस्कृत का नको, असा त्यांचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांनी कळविले तेव्हा त्या उसळून उठल्या. सिस्टर जेराल्डीन यांना हे सारे गर्वाचे लक्षण वाटले. त्या वाईट बाई नव्हत्या. मनोरमेवर त्यांनी जीव लावला होता. पण देवासमोरचा धीर आणि अधिकाऱ्यासमोरचा सोशिकपणा यांत त्यांना भेद दिसत नव्हता, आणि रमाबाईंना त्या भेदावाचून दुसरे काही दिसत नव्हते.

हाच भेद पुढेही टिकला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे मान्य केले होते. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही अशी अट होती. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि येणाऱ्या मुलींना अडवीत नसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. न्याय करावयाचा तर रानडे-भांडारकरांची तक्रार निराधार होती असे म्हणता येत नाही. उघडे दार हे अटीच्या शब्दांत बसत असेल, भावात बसत नव्हते. रमाबाईंच्या चरित्रकारांपैकी बरेच जण येथे घाईने पुढे जातात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते, कारण देवावरील विश्वास आणि माणसांनी आपल्यावर टाकलेला विश्वास यांची गाठ पडते ती अशाच जागी, आणि दोन्ही राखणे दर वेळी जमत नाही.

या सुमारास त्यांच्या मनात जे घडत होते ते त्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा मथितार्थ. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टल येथे अनाथालये चालविली ती कोणा माणसाकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर, ही हकिकत त्यांनी वाचली; चीनमधील हडसन टेलर यांच्या कार्याची वाचली; आणि हिंदुस्थानात असे का होऊ नये असा प्रश्न त्यांना पडला. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनासभेच्या वेळी त्यांच्या आश्रमातील ख्रिस्ती झालेल्या मुलींची संख्या पंधरा होती. त्यांनी देवाजवळ या संख्येचा वर्ग मागितला, दोनशे पंचवीस. हे मागणे मला नेहमी मोठे गमतीचे वाटत आले आहे. संस्कृत पंडिताची मुलगी देवाशी गणितात बोलते. अस्पष्ट कृपेची याचना तिला पसंत नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस-बावीस वर्षांपूर्वी रानातला पाला खाऊन राहिलेली मुलगी आता अडतीस वर्षांची बाई झाली होती. ती उठली आणि स्वतः तेथे गेली. मदतकेंद्रांवरील मुलींची दैना तिने पाहिली आणि शेकडो मुलींना व विधवांना घेऊन आली. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा तोच क्रम. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे १८९८ मध्ये संपली होती. पुढे अमेरिकेत नवे मंडळ झाले, पण दरमहाच्या खर्चाची हमी अशी कोणाचीच नव्हती. विहिरी खणल्या गेल्या, शेती सुरू झाली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. देवावर भरवसा टाकणाऱ्या या बाईने एकही विहीर देवावर सोडली नाही. श्रीनिवासाची मजुरी आणि अनंतशास्त्र्यांचे अनुष्ठान ही दोन्ही केडगावात एकत्र आली, असे म्हटले तर ती नुसती कल्पना ठरू नये.

त्याच १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ व विटंबना होत होती तिच्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघडपणे लिहिले. सरकारने इन्कार केला, आणि प्रकरण विलायतेतील पार्लमेंटपर्यंत गेले. ख्रिस्ती सरकार म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही. न्यायाधीशाच्या दाराशी उभी असलेली ती विधवा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या विश्वासाने रमाबाईंच्या लेखणीकडून काही हिरावूनही घेतले. १८८७ च्या इंग्रजी ग्रंथातील युक्तिवाद, १८८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तातील चौकस व खेळकर नजर, ही नंतरच्या लेखनात आढळत नाहीत. १९०५ मध्ये मुक्तीत जे धर्मजागरण झाले त्यानंतर तर त्या सार्वजनिक चर्चेपासून पुष्कळच दूर गेल्या. मराठी गद्याचे हे नुकसान होते.

लक्ष्मीबाई टिळकांचा मार्ग वेगळा. त्यांना दुष्काळ नव्हता, परदेशगमन नव्हते, पदव्या नव्हत्या. १८६८ चा जन्म, बालपणी लग्न, आणि नवरा कवी. नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी लक्ष्मीबाईंचा आकांत झाला. त्यांची काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आश्रयाने, त्यांतली काही पंढरपुरास गेली. जिवंत नवऱ्याची बायको, आणि तरीही लोकांच्या डोळ्यांत विधवेहून चमत्कारिक. नंतर त्या टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे सांभाळून त्या ख्रिस्ती वस्तीत राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. ते थांबले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला तोपर्यंत पाच वर्षे लोटली होती.

या पाच वर्षांत धीर कोणाचा मोठा, हा प्रश्न मी पुष्कळदा मनाशी घोळविला आहे. चरित्रकार टिळकांस श्रेय देतात आणि ते रास्तच आहे. स्वभावाने अत्यंत उतावीळ अशा माणसाला ते थांबणे सोपे गेले नसणार. पण लक्ष्मीबाईंचे थांबणे अधिक अवघड होते. टिळक ज्याची वाट पाहत होते ते त्यांना ठाऊक होते. लक्ष्मीबाईंना आपण कशाची वाट पाहतो हेच ठाऊक नव्हते. ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे मन पालटते ते कोणा पाद्र्याच्या व्याख्यानाने नव्हे. जातिभेद माणसांनी केले, देवाने नव्हे, एवढी एक गोष्ट त्यांना स्वतःहून उमजते आणि मग सगळ्यांच्या हातचे पाणी घ्यावयास त्या मोकळ्या होतात. ज्या सोवळ्याला त्यांनी वर्षानुवर्षे घट्ट धरले होते ते त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून सोडले नाही, म्हणून ते सोडल्याचे दुःखही त्यांना झाले नाही.

बाप्तिस्म्यानंतरची गोष्ट आणखी मजेची आहे. टिळकांचा देवावरील भरवसा एवढा दांडगा की घरात उद्याच्या जेवणाची सोय आहे की नाही हा विचार त्यांना शिवत नसे. दारी आलेल्यास ते हाती येईल ते देऊन टाकीत. भरवसा टिळकांचा, आणि त्याचा हिशेब चुकता करावा लागे लक्ष्मीबाईंना स्वयंपाकघरात. विश्वासाच्या जीवनावर जगभर जी चरित्रे लिहिली गेली आहेत त्यांत ही बाजू क्वचितच दिसते. प्रार्थनेने पैसे कसे आले हे तेथे कळते, ते येईपर्यंत घरच्या बाईने काय शिजविले हे कळत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हाही संसाराचा धागा हातात धरणे लक्ष्मीबाईंकडेच आले. त्यांनी हे सोसले काय? सोशिक बाई बोलत नाही. लक्ष्मीबाई बोलतात, भांडतात, रुसतात, नवऱ्याची फजिती रंगवून सांगतात, आणि सांगताना स्वतःलाही सोडीत नाहीत. त्यांच्या धीराला विनोदाचे अंग आहे. तेर्तुल्यानपासून आजपर्यंत या गुणावर जे लिहिले गेले त्यात हसण्याला फारशी जागा नाही. ती जागा एका मराठी बाईने करून दिली.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांनी आरंभिलेले काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे सारे अध्याय रचून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या, आणि शेवटच्या भागाची कामगिरी मुलाकडे, देवदत्ताकडे आली. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते त्यांच्या पश्चात, १९३८ मध्ये. मराठी न वाचणाऱ्यांना ‘स्मृतिचित्रे’ इंग्रजीत १९५० पासून उपलब्ध आहे, आणि शांता गोखले यांनी केलेला समग्र अनुवाद २०१७ मध्ये निघाला. हिंदुस्थानातील इतर भाषांच्या अभ्यासकांनी तो हाती घ्यावा अशी माझी विनंती आहे.

आता पुन्हा शब्दाकडे. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे एका कामात घातली: बायबलचे मराठी भाषांतर. ते आधी झालेच नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या कॅरे यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून, ती परंपरा चालू होती. पण मंडळ्यांत वाचले जाणारे भाषांतर रमाबाईंना जड वाटे. मुक्तीतील कुणब्याच्या, महाराच्या, भिल्लाच्या मुलीला ते कळत नसे. आणि त्यातील कित्येक संस्कृत शब्दांना वेदान्ताचा जो वास होता तो पुराणिकाच्या या मुलीच्या नाकाला जितका जाणवे तितका परदेशी भाषांतरकारांना जाणवणे शक्य नव्हते. म्हणून त्या पन्नाशीच्या घरात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकू येणे कमी होत होते, प्रकृती ढासळत होती, शेकडो जणींच्या आश्रमाचा भार डोक्यावर होता. एकीकडे भाषांतर, दुसरीकडे मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून केलेली त्याची छपाई. एका माणसाने, तेही एका स्त्रीने, सबंध बायबल मूळ भाषांवरून आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

भाषांतर म्हणून ते यशस्वी झाले काय? रूढ अर्थाने नाही. मंडळ्यांनी ते स्वीकारले नाही. जुनेच भाषांतर व त्याच्या सुधारित आवृत्त्या चालत राहिल्या. मुळाला अक्षरशः धरून राहण्याच्या आग्रहाने रमाबाईंचे वाक्य पुष्कळदा अडखळते. ज्या साधेपणासाठी हा खटाटोप केला तो साधेपणा शब्दांत आला, पण वाक्याच्या घडणीत प्रत्येक ठिकाणी आला नाही, असे एका भाषांतरकाराने दुसरीविषयी म्हणावयास हरकत नसावी. मूळ ग्रीक शब्दांत ‘टिकून राहणे’ आहे हे जिने स्वतः शिकून जाणले, आणि जिच्या आयुष्याला सोशिकपणा कधी मानवला नाही, तिने निवडलेले शब्द या दृष्टीने एकदा ओळीने तपासले पाहिजेत. ते काम कोणा अभ्यासकाने हाती घ्यावे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. तिनेच पुढे मुक्तीचा भार उचलावयाचा होता. विशीच्या आत असताना दुष्काळाने ज्यांचे घर मोकळे केले होते त्या रमाबाई तेसष्टाव्या वर्षी पुन्हा एकट्या उरल्या. त्यांनी काम थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत दहा दिवसांचे आयुष्य त्यांनी देवाजवळ मागितले अशी आठवण मुक्तीत सांगतात. पंधराचा वर्ग मागणाऱ्या बाईला ते शोभण्यासारखेच आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. सबंध बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले.